पुण्याहून मालवणला आडरस्त्याने: आधी खाड्या मोजाव्यात, मग किलोमीटर

प्रश्न असा आहे: पुण्यातील चौघांचे एक कुटुंब डिसेंबरमध्ये स्वतःच्या मोटारीने मालवणला जाणार आहे. जाण्यासाठी दोन दिवस हाताशी आहेत, महामार्गावरची वर्दळ नको आहे, आणि फोन दाखवील त्या आडरस्त्याने जावे की कागदी नकाशा समोर ठेवून रस्ता स्वतः ठरवावा, हे त्यांना विचारायचे आहे. कोकणातील रस्त्यांचे आराखडे मी बरीच वर्षे लोकांना करून देतो आणि नकाशावाचन शिकवतो, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहे. थोडक्यात सांगायचे तर रस्ता घरीच, कागदी नकाशावर ठरवावा. फोन गाडीत असावा, पण आपण या क्षणी नेमके कोठे आहोत एवढेच त्याला विचारावे. आणि दोन दिवसांत सगळा किनारा पाहण्याचा हट्ट सोडून द्यावा.

कोकणात आडरस्ता निवडायचा असेल तर महामार्ग जेथे आहे तेथेच का आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७, म्हणजे आताचा ६६, पनवेलहून निघाल्यावर माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ असा समुद्रापासून बराच आत राहून दक्षिणेकडे जातो. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या किनाऱ्याजवळ रुंद खाड्या होतात आणि तेथे पूल बांधणे अवघड व खर्चाचे असते. त्या अजून अरुंद आहेत अशा ठिकाणी, म्हणजे भरतीचे पाणी जेथवर चढते त्याच्या आसपास, रस्त्याने त्या ओलांडल्या. सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, शास्त्रीवर संगमेश्वर आणि अर्जुनेवर राजापूर ही गावे नेमकी अशा जागी आहेत. गलबते खाडीतून जेथवर चढत तेथे माल उतरे आणि तेथून बैलांच्या पाठीवर घाटमाथ्याला जाई, म्हणून ही गावे बाजारपेठा झाली. राजापूर आज समुद्रापासून इतके आत वाटते, तरी सतराव्या शतकात तेथे इंग्रजांची वखार होती, याचे कारणही हेच आहे.

अशा नद्यांची मुखे पाहिली की गावांची दुसरी माळ दिसते: सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड आणि वाघोटणच्या मुखाशी विजयदुर्ग. बंदरांची आणि किल्ल्यांची ही माळ म्हणजेच आपल्याला हवा असलेला आडरस्ता. रेवस ते रेडी असा जो सागरी महामार्ग सरकारी कागदोपत्री कित्येक वर्षे आहे, तो याच गावांना जोडतो. मात्र तो सलग एक रस्ता आहे असे समजू नये. कोठे तो रुंद आणि गुळगुळीत आहे, कोठे गावाच्या गल्लीतून जातो, तर कोठे खाडीच्या काठावर येऊन संपतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतो.

म्हणून या प्रवासाचे पहिले माप खाडी हे आहे. प्रत्येक खाडीपाशी तीनच मार्ग उपलब्ध असतात: मुखाजवळ फेरीबोट असेल तर तिने जावे, मध्ये कोठे पूल असेल तर त्यावरून जावे, नाहीतर खाडीच्या काठाने वर चढत थेट महामार्ग गाठावा आणि पलीकडच्या अंगाने पुन्हा खाली यावे. फोनवर दिसणाऱ्या निळ्या रेषेत या निर्णयाचा पत्ता लागत नाही, कारण एका वेळी दिसणारा तुकडा लहान असतो आणि रेषा आधीच आखून ठरलेली असते. मोठा कागद टेबलावर पसरला की खाडीचे मुख, मधला पूल आणि महामार्गावरचे गाव एका नजरेत येते, आणि कोणता मार्ग आपल्याला परवडतो ते आपणच ठरवू शकतो.

दाभोळचे उदाहरण जरा जवळून पाहू. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकाने ४७ जी/२ या टोपोशीटवर, म्हणजे जमिनीचे चढउतारही दाखवणाऱ्या तपशीलवार नकाशावर, दाभोळ आणि त्याच्या समोरचे धोपावे ही दोन्ही गावे आहेत, आणि त्यांच्यामध्ये वाशिष्ठीची निळी पट्टी आहे. दापोली समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथून दाभोळकडे येणारा रस्ता बराच वेळ सड्यावरून, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावरून, जातो आणि शेवटी बंदराकडे उतरतो. या नकाशांत डोंगराळ भागात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरांवर काढलेल्या असतात आणि प्रत्येक पाचवी, म्हणजे शंभर मीटरांची, रेषा जाड असते. सड्यावर या तपकिरी रेषा एकमेकींपासून लांब आहेत आणि खाडीजवळ त्या दाटून येतात. नखाने रस्त्यावरून पुढे सरकत किती रेषा ओलांडल्या ते मोजले की शेवटच्या उतारावर गाडी दुसऱ्या गिअरात ठेवावी लागणार, हे घरी बसूनच कळते. दापोलीहून गुहागरला महामार्गाने जायचे तर खेड आणि चिपळूण असा फेरा पडतो आणि अंतर सुमारे शंभर किलोमीटर होते. दाभोळ-धोपावे फेरीने ते निम्म्यावर येते. फेरीसाठी थांबण्याचा वेळ धरला तरी हिशेब फेरीच्या बाजूने लागतो, आणि ट्रकांच्या मागे रेंगाळण्याऐवजी तो वेळ दाभोळच्या धक्क्यावर जातो, जेथे सतराव्या शतकातली दगडी शाही मशीद चालत जाऊन पाहण्यासारखी आहे.

फेरीबोटीला तिकडे जंगलजेटी म्हणतात. तिच्याबद्दल नवख्या माणसाने दोन गोष्टी सांभाळाव्यात. ओहोटीला पाणी खाली गेलेले असते, त्यामुळे धक्क्याचा उतार लांब आणि ओलसर होतो. अशा वेळी गाडीतील माणसांना आधी उतरवून एकट्या चालकाने गाडी चढवावी, बोटीवरचा माणूस हाताने सांगेल तेवढेच पुढे यावे आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी. दुसरे म्हणजे शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी मुक्कामाच्या गावात विचारून घ्यावी, कारण ती चुकली तर रात्रीच्या वेळी तोच शंभर किलोमीटरांचा फेरा पदरी पडतो. पावसाळ्यात वादळी हवा असली की फेरी बंद राहते. डिसेंबरमध्ये ती अडचण सहसा येत नाही.

आता नकाशा कोणता आणि कोठून आणायचा. सर्वेक्षण विभाग ही १७६७ साली सुरू झालेली संस्था आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर तिने नागरिकांसाठी खुली मालिका वेगळी केली. या मालिकेतील ५०,००० च्या प्रमाणाचे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. खुल्या मालिकेचे क्रमांक जुन्यांपेक्षा वेगळे आहेत, म्हणून क्रमांक पाठ करण्यापेक्षा तेथील सूचक नकाशावर, म्हणजे कोणते पत्रक कोणत्या भागाचे ते दाखवणाऱ्या नकाशावर, गाव शोधून पत्रक निवडावे. बाणकोटपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्याला अशी आठ-दहा पत्रके लागतील. छापताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. या पत्रकात अक्षांश-रेखांशांची १५ मिनिटे मावतात, म्हणजे कोकणात दक्षिणोत्तर साधारण साडेसत्तावीस किलोमीटर. एक सेंटिमीटरला ५०० मीटर या हिशेबाने नुसत्या नकाशाचीच उंची ५५ सेंटिमीटर भरते. तो घरच्या प्रिंटरवर ए-४ कागदात कोंबला तर प्रमाण मोडते आणि समोच्च रेषांचा तपकिरी चिखल होतो. प्लॉटर, म्हणजे मोठ्या कागदावर छापणारे यंत्र, असलेल्या दुकानातून मूळ मापात आणि रंगीत छापून घ्यावा. तसे जमलेच नाही तर अंतर मोजण्यासाठी खाली छापलेली प्रमाणपट्टी वापरावी, कारण नकाशाबरोबर तीही तेवढीच लहान झालेली असते.

या पत्रकांच्या जोडीला सगळा प्रवास एका कागदावर दाखवणारा एखादा राज्याचा किंवा जिल्ह्याचा रस्ते नकाशा हवाच. मोठ्या नकाशावर दिशा ठरवावी आणि टोपोशीटवर तुकडा तपासावा, असा माझा क्रम आहे.

टोपोशीट वाचायला शिकणे वाटते तितके कठीण नाही. पक्का रस्ता लाल जोडरेषेने, कच्चा रस्ता तुटक जोडरेषेने आणि पायवाट बारीक तुटक रेषेने दाखवलेली असते. पिवळा रंग शेतीचा, हिरवा झाडीचा आणि निळा पाण्याचा असतो. अंतर काढण्यासाठी साधा शिवणाचा दोरा रस्त्याच्या वळणांवरून ठेवत न्यावा आणि मग तो प्रमाणपट्टीवर ताणावा. घाटाच्या भागात निघालेल्या अंतरात मी पाचवा हिस्सा वाढवून धरतो, कारण नागमोडी वळणे नकाशावर पूर्ण उमटत नाहीत. आणखी एक गोष्ट कोकणात विशेष लक्षात ठेवावी लागते. येथील गाव एका जागी एकवटलेले नसते. वरची वाडी, खालची वाडी, बौद्धवाडी, भंडारवाडी अशा वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असतात आणि नकाशावर गावाचे नाव त्यांच्यामध्ये कोठेतरी एकदाच छापलेले असते. गावाची पाटी दिसल्यावर देऊळ किंवा बंदर आणखी तीन किलोमीटर पुढे असणे ही तेथे नेहमीची बाब आहे.

कागदी नकाशाची उणीवही स्पष्ट सांगितली पाहिजे. जमीन बदलत नाही, पण रस्ते बदलतात. पाहणी जुनी असेल तर नंतर झालेला पूल त्यात नसतो, आणि त्या वेळी पायवाट असलेली रेषा आज डांबरी झालेली असते. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाल्यापासून असे पुष्कळ रस्ते पक्के झाले आहेत. म्हणून डोंगर, नदी आणि उतार यांच्यासाठी कागदावर पूर्ण विश्वास ठेवावा. रस्ता आज कोणत्या अवस्थेत आहे यासाठी ताजी माहिती फोनवर पाहावी आणि प्रत्यक्ष माणसांना विचारावी.

फोनचा उपयोग मी नाकारत नाही. त्याचा दोष एवढाच की तो वेळ वाचवण्याचे काम करतो, आणि आपण निघालो आहोत ते वेळ वाचवण्यासाठी नाही. तो किनाऱ्याचा रस्ता सोडून आपल्याला पुनःपुन्हा महामार्गाकडे ओढतो, किंवा उलट चार मिनिटे वाचतात म्हणून एखाद्या वाडीतल्या वाटेत घालतो. कोकणात याचा खरा त्रास पाखाड्यांपाशी होतो. जांभ्या दगडाच्या दोन गडग्यांमधून, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतींमधून, नारळी-पोफळीच्या वाडीतून उतरणारी ही पायऱ्यांची वाट माणसांसाठी आहे. दुरून फोनवर ती रस्त्यासारखीच दिसते, आणि गाडी तोंडाशी नेली की मागे वळवायलाही जागा उरत नाही. टोपोशीटवर अशी वाट पायवाटेच्या खुणेने वेगळी दाखवलेली असेल आणि तिच्यावरून समोच्च रेषा दाटीने जात असतील, तर तेथे गाडी घालू नये. घाटांत आणि खाडीकाठच्या गावांत फोनला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे त्या भागाचे फोनवरचे नकाशेही आधीच उतरवून ठेवावेत.

रस्त्यावर उतरल्यानंतर आणखी काही खुणा कामी येतात. कडेच्या किलोमीटर दगडाचा माथा पिवळा असेल तर आपण राष्ट्रीय महामार्गावर आहोत, हिरवा असेल तर राज्यमार्गावर, आणि नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर. हिरव्या माथ्याचे रस्ते या प्रवासासाठी सर्वांत योग्य असतात: रुंदी पुरेशी आणि वाहने बेताची. नारिंगी माथ्याचा रस्ता अनेकदा एकाच गावासाठी केलेला असतो आणि त्या गावात संपतो, म्हणून तो पुढे कोठे जोडला आहे की नाही हे नकाशावर पाहिल्याशिवाय त्यात शिरू नये. सर्वांत खात्रीची कसोटी एसटीची आहे. ज्या रस्त्याने एसटी जाते, त्या रस्त्याने तुमची मोटार जातेच. आणि ज्या गावात मुक्कामाची गाडी रात्री राहते, तेथवर रस्ता बारा महिने चालू असतो असे सहसा धरून चालावे. अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली तर आपणच साइडपट्टीवर उतरून तिला वाट द्यावी, कारण तिच्यात शाळेची मुले आणि बाजाराला निघालेली माणसे असतात आणि तिला वेळ पाळायची असते.

वाट विचारण्याचीही एक रीत आहे. “काका, हा रस्ता गुहागरला जातो ना?” असे विचारले तर भिडेखातर होकार येतो. “काका, गुहागरची एसटी कुठून जाते? मधे कुठली गावं लागतात?” असे विचारले तर पुढच्या दोन गावांची नावे मिळतात, आणि ती लगेच नकाशावर शोधता येतात. तालुक्याचे नावही सोबत घ्यावे. वेळास मंडणगड तालुक्यात आहे आणि वेळास-आगर श्रीवर्धन तालुक्यात. एकाचे नाव घेऊन दुसऱ्याची वाट धरली तर मध्ये बाणकोटची अख्खी खाडी येते.

आता तुमच्या प्रवासाबद्दल. या रस्त्यांवर थांबे धरून ताशी पंचवीस ते तीस किलोमीटरांपेक्षा अधिक वेग धरू नये. त्या हिशेबाने पुणे ते मालवण हा सगळा किनारा धरून जायचे तर मध्ये दोन मुक्काम, म्हणजे प्रवासाचे तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून आंबेत, म्हाप्रळ, मंडणगडमार्गे दापोली गाठावी, आणि उजेड असेल तर दाभोळची फेरी धरून गुहागरला राहावे, नाहीतर दापोलीतच. दुसऱ्या दिवशी पालशेत, वेळणेश्वर, हेदवी असे करत तवसाळला यावे, तेथून फेरीने जयगड, पुढे केशवसुतांचे मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या समुद्रालगतच्या रस्त्याने रत्नागिरी. मुक्काम रत्नागिरीच्या गर्दीत करण्यापेक्षा भाट्येचा पूल ओलांडून पावसला केलेला बरा. हेदवीला बामणघळ आहे. भरतीचे पाणी कातळाच्या चिरेत शिरून तेथे उंच उसळते, म्हणून भरतीची वेळ आधी पाहून ठेवली तर तो थांबा सार्थकी लागतो. मुलांना मात्र काठापासून दूर धरावे.

तिसऱ्या दिवसाचा तुकडा मला सर्वांत प्रिय आहे आणि त्याचा मी आग्रह धरीन. पावसहून पूर्णगड, पूल ओलांडून गावखडी, मग कशेळी, आडिवरे, जैतापूर, पडेल, देवगड, कुणकेश्वर आणि आचरा करून मालवण. येथे फेरीची वाट पाहावी लागत नाही, खाड्यांवर पूल आहेत. पुलावरून चढून रस्ता सड्यावर येतो आणि दोन्ही बाजूंना जांभ्याचा काळपट, जवळजवळ सपाट कातळ लांबवर पसरतो. मध्ये एखादी आंब्याची बाग, तिच्याभोवती चिऱ्यांचा गडगा, आणि एका वळणावर अचानक खाली खाडी. कशेळीला कनकादित्याचे आणि आडिवऱ्याला महाकालीचे देऊळ आहे. याच सड्यांवर कातळात कोरलेली प्राचीन चित्रे आहेत; कशेळी, देवीहसोळ, बारसू यांसह कोकणातील अशा स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत झाला. ती पाहताना सकाळची किंवा संध्याकाळची तिरपी उन्हे हवीत, कारण माध्यान्ही कोरीव रेषांत सावली पडत नाही आणि डोळ्यांसमोरचे चित्रही दिसत नाही. चित्रांवर पाय देऊ नये आणि गावातल्या कोणाला तरी सोबत न्यावे.

तुमच्याकडे दोनच दिवस असतील तर पहिले दोन टप्पे गाळावेत. पहिल्या दिवशी कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठावी आणि पावसला राहावे. हा रस्ता मोठा आहे, वर्दळीचाही आहे, पण त्यामुळे दुसरा सगळा दिवस किनाऱ्यासाठी मोकळा मिळतो. दोन दिवसांत सगळे कोंबले तर चालक थकतो, आणि आडरस्त्यावर, विशेषतः अंधार पडल्यावर, थकलेला चालक महामार्गापेक्षा अधिक धोक्यात असतो. तेथे कठडे कमी, दिवे नाहीत, आणि गुरे रस्त्यावर बसलेली असतात. सूर्यास्तानंतर या रस्त्यांवर नवख्याने गाडी चालवू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. गाडीत आजारी माणूस असेल, ठरलेल्या वेळी पोहोचायचेच असेल किंवा पावसाळा असेल, तर महामार्गाने जाणेच योग्य आहे. नाताळाच्या सुट्टीतही गणपतीपुळे आणि मालवण यांच्या आसपासचा किनारा महामार्गाइतकाच भरतो, म्हणून जमत असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा निवडावा.

इंधन तालुक्याच्या ठिकाणी भरून घ्यावे आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. नकाशाची घडी अशी घालावी की त्या दिवसाचा तुकडा वर राहील, आणि तो चालकाच्या शेजारी बसलेल्याच्या मांडीवर असावा, चालकाच्या नव्हे. त्याने नकाशा गाडीच्या दिशेप्रमाणे फिरवून धरावा आणि अंगठा आपल्या जागेवर ठेवून गाव मागे पडेल तसा पुढे सरकवावा. दहा-बारा वर्षांची मुले हे काम फार चोख करतात. परतीला मालवणहून कणकवलीमार्गे फोंडा घाटाने किंवा वैभववाडीहून करूळ अथवा भुईबावडा घाटाने देशावर चढता येते. यांतला कोणता घाट त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी बंद आहे का, हे निघण्याआधी कणकवलीच्या एसटी स्थानकावर विचारून घ्यावे.